मुलगा गोळ्या नको म्हणतो तेव्हा

"मला काय झालंय? तुम्हीच जा डॉक्टरकडे." विशीतल्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाला की घरात हे वाक्य ठरलेलं. त्याला आवाज खरोखर ऐकू येतात, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवून आहेत याची त्याला पक्की खात्री असते. मग गोळी कशाची घ्यायची? आपल्याला आजार आहे हे न कळणं हा या आजाराचाच भाग आहे. त्यामुळे त्याच्याकडून आजार कबूल करून घेण्यात महिनेच्या महिने घालवू नका. उपचार चालू राहणं आणि त्याचं तुमच्याशी बोलणं चालू राहणं, या दोन गोष्टी सांभाळा. आजार कधीच मान्य न करता वर्षानुवर्षं नियमित गोळ्या घेणारी मुलंही असतात.

डॉक्टरपर्यंत पोचणं

भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला दुजोराही देऊ नका. "कॅमेराबिमेरा काही नाही, वेड्यासारखं बोलू नकोस" म्हटलं की तो पुढचं सांगणं बंद करतो. "हो रे, असेल कॅमेरा" म्हटलं की संशय आणखी घट्ट होतो. "मला कॅमेरा दिसत नाही, पण तुला रात्र-रात्र झोप नाही हे मला दिसतंय" हे खरंही आहे आणि त्याला पटणारंही. झोप, धडधड, भीती, अभ्यासात लक्ष न लागणं, यातलं त्याला स्वतःला जे खुपतंय ते धरा आणि त्यासाठी दाखवायला चल म्हणा. दातांच्या डॉक्टरकडे जाऊ असं सांगून मानसोपचारतज्ज्ञांच्या दारात उभं करण्याची युक्ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा तो तुमच्यासोबत रिक्षातही बसणार नाही.

अजिबातच येत नसेल तर आधी तुम्ही दोघं जा. त्याला न तपासता डॉक्टर सहसा औषध लिहून देणार नाहीत, पण ऐकून घेतील आणि पुढची वाट सांगतील. 14416 हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

जाताना एक पान लिहून न्या. बदल साधारण कधीपासून, झोप किती तास, जेवण, आंघोळ, एकट्याने हसणं-पुटपुटणं, मारहाण किंवा जीव देण्याची भाषा, गांजा-दारू-तंबाखू, डोक्याला मार किंवा फिट, घराण्यात कुणाला असा त्रास. गांजाचं लपवू नका, निदान आणि उपचार दोन्ही त्यावर अवलंबून असतात. मुलासमोर हे सगळं बोलणं अवघड असतं, म्हणून कागद आधीच आत द्या.

(देवऋषाचा विषय निघतोच. आजीने अंगारा लावला म्हणून घरात भांडण पेटवण्यात अर्थ नाही. मात्र गोळ्या बंद करा म्हणणारा, उपाशी ठेवणारा किंवा हात उगारणारा कुणीही असो, त्याच्या दारात मुलाला नेऊ नका.)

चहातून गोळी

बऱ्याच घरांत हे होतं, कारण पहिल्या आठवड्यात ते सोपं वाटतं. बिघडतं ते नंतर. अर्धा चहा पिऊन तो उठला तर किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. काही गोळ्या कुटायच्या नसतात, कारण त्यांतलं औषध हळूहळू सुटावं अशीच त्यांची रचना असते. त्रास झाला तर कशाने झाला हे त्याला माहीत नसतं. आणि ज्या दिवशी कपाच्या तळाशी पांढरा साका दिसतो, त्या दिवशी "हे लोक माझ्या खाण्यात काहीतरी घालतात" हा त्याचा भ्रम खरा ठरतो. मग तो घरचं अन्नच सोडतो.

त्यापेक्षा डॉक्टरांशी उघड बोला. दिवसातून तीनदाऐवजी रात्री एकदाच घ्यायची गोळी बसवता येते का? गालात लपवून नंतर थुंकत असेल तर जिभेवर विरघळणारी गोळी मिळते. रोजची कटकटच नको असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असतं. रोज रात्री "घेतलीस का?" हा प्रश्न घरातून जातो, आणि निम्मी भांडणं त्याच प्रश्नावरून होत असतात. गोळ्या तुमच्या ताब्यात, कुलपात ठेवा. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

उपयोग कधी दिसतो? झोप आणि चिडचिड आठवड्याभरात सुधारू लागते, आवाज आणि संशय ओसरायला योग्य डोस सुरू झाल्यापासून 4 ते 6 आठवडे लागतात. "दहा दिवस झाले, फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलणं हा नेहमीचा घोळ. त्याहून मोठा घोळ बरं वाटल्यावर होतो. पहिल्या झटक्यानंतरही निदान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात, आणि झटके पुन्हा आले असतील तर आणखी बरीच वर्षं. अचानक बंद केलं तर बहुतेकदा लगेच काही दिसत नाही. काही आठवडे, कधी काही महिने छान जातात, आणि त्यामुळेच "बघा, गरजच नव्हती" असं वाटू लागतं. मग आजार उलटतो.

तो का टाळतो, ते आधी शोधा

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर लागणं किंवा जबडा आवळणं दिसलं तर घाबरण्यासारखं दिसतं, पण इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. ताबडतोब दवाखान्यात न्या. पाय सारखे हलणं, एका जागी बसताच न येणं हा अनेकदा गोळीचा त्रास असतो, पण घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि ते डोस वाढवायला सांगतात. त्याने त्रास आणखी वाढतो. डॉक्टरांना नेमके शब्द सांगा: "बसवत नाही, येरझाऱ्या घालतो."

रिस्पेरिडोनसारख्या औषधाने लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी होऊ शकते. हे तरुण मुलगा आईसमोर मरेपर्यंत सांगणार नाही, गुपचूप गोळ्या मात्र फेकून देईल. दर भेटीत डॉक्टरांना त्याच्याशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. ओलान्झापिनने भूक भडकते. सुरुवातीलाच वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी तपासून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग दरवर्षी. फरसाण आणि थंड पेयं घरात आणूच नका, "खाऊ नकोस" म्हणण्यापेक्षा ते जमण्यासारखं आहे.

दोन औषधं पुरेशा डोसने पुरेसे आठवडे देऊनही गुण नसेल तर क्लोझापिनबद्दल विचारा. त्यात पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी घटतात. ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी तपासणी करा. बद्धकोष्ठता किरकोळ समजू नका, या औषधाने ती जिवावर बेतू शकते. 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस आपल्या मनाने सुरू करू नका, पुन्हा अगदी थोड्यापासून चढवावा लागतो. बिडी-सिगारेट एकदम सोडली तर रक्तातलं औषध वाढतं, तेही आधी कळवा.

कुठल्याही औषधावर खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसले तर 108 ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात.

दाखल करायची वेळ

स्वतःला इजा करण्याची भाषा वा प्रयत्न, दुसऱ्यावर हल्ला, किंवा खाणंपिणं सोडून जिवाला धोका अशी वेळ आली तर त्याची संमती नसतानाही दाखल करता येतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 89 त्यासाठी आहे. अर्ज त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी करतो. त्याने कुणाला नेमलं नसेल तर सहसा जवळचा नातेवाईक. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर त्याला वेगवेगळे तपासतात. मुदत 30 दिवसांपर्यंत. पुढे वाढवायचं तर नव्याने तपासणी होते, आणि मुलगा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो. शॉकची भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा: भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक द्यायला कायद्याने बंदी आहे. साखळीने बांधायलाही बंदी आहे.

"आमची माणसं येऊन उचलून नेतील" म्हणणाऱ्या पुनर्वसन केंद्रापासून सावध राहा. नोंदणी दाखवा म्हणा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा, राहण्याच्या खोल्या स्वतः बघा. पहिले काही महिने भेटायचं नाही, फोन नाही, अशी अट असेल तर तिथून परत फिरा.

त्याने हत्यार घेतलं तर अडवायला जाऊ नका. बाहेर पडा आणि 112 लावा. "गुन्हेगार नाही, आजारी आहे, उपचार चालू आहेत" हे पहिल्याच वाक्यात सांगा. शेतकरी घरात कीटकनाशक आणि कोयता आधीपासूनच कुलपात हवेत. जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही.

घरी आल्यावर

सतत टोमणे, आरडाओरडा आणि अतिकाळजी असलेल्या घरांत आजार जास्त वेळा उलटतो, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांत 1970 च्या दशकातच दिसलं होतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट सांगा, छोट्या वाक्यात. "आळशी" म्हणू नका. उत्साह आटणं हेही लक्षण आहे आणि त्यावर गोळीचा फारसा गुण येत नाही. त्यावर उपाय ठरलेल्या वेळेच्या छोट्या कामाचा: दूध आणणं, कुंड्यांना पाणी. झोप दोन-तीन रात्री कमी झाली की पुढची तारीख यायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

"लग्न केलं की सुधारेल" हा सल्ला देणारे नातेवाईक पुढच्या कोर्टकचेरीला येत नाहीत. आजार लपवून केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली रद्द होऊ शकतं.

कागदपत्रांत बहुतेकांचा एक गोंधळ होतो. नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखालचं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, स्किझोफ्रेनियासाठी नाही. तुमच्या मुलाला लागू होतो तो दिव्यांग हक्क कायदा 2016. सरकारी रुग्णालयातून 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत दिव्यांगाचा सांभाळ करणाऱ्या पालकांना 75,000 रुपयांची वजावट (80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000) आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज हे मार्ग खुले होतात. तुम्हाला सरकारी निवृत्तिवेतन असेल तर त्याला तुमच्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्यासाठी त्याचं नाव तुमच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्या. मृत्युपत्रात त्याच्या नावावर मोठी रक्कम सरळ ठेवण्याआधी वकिलाला खासगी ट्रस्टबद्दल विचारा, आणि विश्वस्तांमध्ये तुमच्याहून वयाने लहान असलेलं कुणीतरी असू द्या.