नववीच्या वर्गात हिरोशिमावर वाद कसा घडवावा

ऑगस्टात आमच्या देवगडच्या शाळेत पत्र्यावरच्या पावसापुढे मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. म्हणून आधी तारखा फळ्यावर लिहा: १९४५ सालच्या ६ ऑगस्टला हिरोशिमा, ८ ला रशियाने जपानविरुद्ध पुकारलेलं युद्ध, ९ ला नागासाकी, १५ ला सम्राटाची शरणागतीची घोषणा. ती ८ तारीख गाळू नका. जपान बॉम्बमुळे झुकलं की रशियामुळे, हे भांडण तिथूनच सुरू होतं.

नुसते 'बाजूने' आणि 'विरुद्ध' असे गट पाडू नका, माणसं वाटा. एक अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसन, ज्याने बॉम्ब टाकायच्या शहरांच्या यादीतून क्योटोचं नाव काढलं. एक शास्त्रज्ञ झिलार्ड, ज्याच्या विरोधाच्या अर्जावर ७० जणांच्या सह्या होत्या. आणि एक हिरोशिमाची शाळकरी मुलगी, आगीचा पट्टा मोकळा ठेवायला घरं पाडण्याच्या कामावर नेलेली. (ही भूमिका वर्गातल्या सर्वांत बडबड्या पोराला द्या.)

कोणीतरी हमखास विचारतं, "सर, मगे दुसरो उपाय काय होतो?" उत्तर देऊ नका, उलट विचारा: निर्जन जागी बॉम्ब दाखवला असता तर? सम्राटाला हात लावणार नाही, असं आधीच सांगितलं असतं तर?

मग अवघड प्रश्न काढा. मार्चमध्ये टोकियोत आगलाव्या बॉम्बांनी एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं मेली. मग अणुबॉम्बच वेगळा का? मुलं किरणोत्सर्ग म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही.

मतदान मात्र घेऊ नका. प्रत्येकाने समोरच्याचा सर्वांत भक्कम मुद्दा वहीत लिहावा, आणि वह्या चतुर्थीच्या सुट्टीआधी तपासून द्या.