दोन मेजर घ्यायचे का? आधी तासांचा कागद करा

मावसबहिणीने परवा विचारलं, "ताई, इकॉनॉमिक्सबरोबर सायकॉलॉजीपण मेजर घेऊ का गं?" मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तिच्या हातात पेन दिलं.

आधी नक्की काय घेतोय ते स्पष्ट करा. एकाच पदवीत दोन मेजर, म्हणजे दोन मुख्य विषय, वेगळे आणि दोन स्वतंत्र पदव्या वेगळ्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची धरली, तर दुसऱ्या मेजरसाठी त्यातले निदान ४८ त्या विषयाचे लागतात. दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ मध्येच मुभा दिली. दोन्हीकडे वर्गात बसायचं असेल तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक दूरशिक्षणाने केली तर ती अडचण नाही, आणि मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकमध्येच आहे.

आता पान भरा. क्रेडिट हे अभ्यासाचं माप; थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. ४८ क्रेडिटचे ७२० तास, सहा सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला साधारण आठ. तेवढाच घरचा अभ्यास धरा, सोळा झाले. मग प्रवास लिहा. हा रकाना सगळे विसरतात, मीही विसरले होते.

मी २०२२ ला बी.कॉम.सोबत दूरशिक्षणाने मराठीचं बी.ए. सुरू केलं. नाशिकरोडहून कॉलेज रोडला जाण्यायेण्यात रोजचे दोन तास जायचे. दुसऱ्या वर्षी बी.कॉम.च्या कॉस्टिंगचा पेपर आणि बी.ए.चा पेपर लागोपाठच्या दिवशी आले. रात्री दोन वाजता दोन्ही वह्या पुढ्यात उघड्या होत्या. संत साहित्याची वाचत होते आणि मनात ओव्हरहेडचं गणित चालू होतं. कॉस्टिंगला ४१ पडले. आई काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

तरी मराठीचा मला पश्चात्ताप नाही, कारण त्या वह्या मी परीक्षा नसतानाही काढायचे. दुसऱ्या विषयाची हीच खूण मी धरते. मैत्रीण घेतेय किंवा बायोडेटात बरं दिसेल म्हणून घेतलेला विषय दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत नकोसा होतो.

पुढे काय करायचं त्याची पात्रता मात्र शब्दन् शब्द वाचा. एमपीएससीच्या राज्यसेवेत बहुतेक पदांना कुठलीही पदवी चालते, तिथे दुसऱ्या मेजरचा काही उपयोग नाही. सायकॉलॉजीत एम.ए. करून समुपदेशनात जायचं असेल, तर त्या त्या विद्यापीठाची अट बघूनच ठरवा. नुसती आवड असेल तर माझ्या मते मायनर, म्हणजे कमी क्रेडिटचा जोडविषय, पुष्कळ झालं.

कॉलेजात ऑफिसला विचाराच, पण तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीकडून तिचं खरं वेळापत्रकही मागून घ्या. कोणता तास कोणत्या तासावर येतो, प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, हे तिलाच माहीत असतं. दुसरं मेजर जड गेलं तर मधेच मायनरवर येता येईल का, हेही प्रवेशाआधीच विचारा.

बहिणीचा शनिवार-रविवार भरूनही चार तास कुठेच बसेनात. ते तिने पानाच्या कडेला लिहिले, सायकॉलॉजीपुढे पेन्सिलने 'मायनर?' लिहिलं आणि पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. सोमवारी ती कॉलेजात जाणार आहे.