अपेक्षेहून अधिक वाचन झालेल्या महिन्याचा हिशेब कसा मांडावा

गेल्या जुलैत तीन पुस्तके वाचायची असे मी ठरवले होते, आणि ३१ तारखेला वहीत नऊ नावे होती. आनंद झाला, परंतु एवढे वाचन कशामुळे झाले आणि त्यातले माझ्यापाशी काय उरले, हे त्या आकड्यावरून कळेना. ते कळून घ्यायचे असेल तर महिना संपल्यावर एक निवांत संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

सर्वप्रथम, यादी उघडू नये. कोऱ्या कागदावर केवळ आठवणीने पुस्तकांची नावे लिहावीत आणि प्रत्येकाखाली मनात राहिलेले दोन-तीन वाक्यांत उतरवावे: एखादा प्रसंग, एखादा युक्तिवाद, एखादा नवा शब्द. त्यानंतरच वहीशी ताडून पाहावे. मला दोन नावे आठवली नाहीत, आणि एका कादंबरीचा शेवट दहा दिवसांपूर्वी वाचलेला असूनही सांगता आला नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतः निरर्थक अक्षरसमूह पाठ करून केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले; विस्मरणाचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, असे त्यांतून दिसले. अर्थपूर्ण मजकूर त्याहून अधिक टिकतो हे खरे, तरीही पुस्तक मिटवले त्याच दिवशी चार ओळी टिपून ठेवल्या तर महिनाअखेरीचे हे काम पुष्कळ सोपे होते.

यानंतर वेळेचा हिशेब करावा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. प्रत्येक पुस्तकासमोर ते कुठे आणि कधी वाचले हे लिहावे. माझी तीन पुस्तके घरी वाचून झाली होती, म्हणजे मूळ संकल्प जेवढा होता तेवढाच पार पडला. उरलेली सहाही लोकलमध्ये झाली होती. जुलैत कामाची वेळ बदलल्यामुळे मी मुलुंडला सकाळी लवकरची, ठाण्याहून सुटणारी धीमी गाडी पकडू लागलो आणि बसायला जागा मिळू लागली. सीएसएमटीपर्यंत जवळपास एक तास, परतीचा तेवढाच, कामाचे दिवस २२. म्हणजे ४४ तास. गाडीत माझी ताशी तीसेक पाने होतात, त्या हिशेबाने सुमारे १,३२० पाने, आणि सहा पुस्तकांची पाने मोजली तर बेरीज जवळपास तेवढीच भरली. माझा निश्चय वाढला नव्हता, मला बसायला जागा मिळाली होती, ही गोष्ट या मोजणीशिवाय माझ्या ध्यानात आली नसती.

जागेचा परिणाम निवडीवरही होतो, म्हणून तोही तपासावा. घाटकोपरला गर्दी आत शिरली की चौथ्या सीटवर कोणीतरी अर्धवट टेकतो, बाकीच्या तिघांना सरकावे लागते, कोपर अंगाशी येते आणि पुस्तक एकाच हातात धरावे लागते. अंगठ्याने दाबून उघडे ठेवता येईल तेवढ्याच जाडीचे पुस्तक तिथे चालते. माझ्या सहांपैकी चार पुस्तके दोनशे पानांच्या आतली होती ती यामुळेच. दोन जाड पुस्तके संध्याकाळी, सीएसएमटीला खिडकी मिळाल्यावरच पुढे सरकली. गाडीत वाचलेल्या कथा मला कथानकापुरत्या आठवतात, आणि घरी बारा रात्री सावकाश वाचलेल्या आत्मचरित्रातली वाक्येच्या वाक्ये आठवतात. दोन्ही प्रकारचे वाचन मला हवे आहे, मात्र ते एकाच मापाने मोजू नये.

या वाचनाने कशाची जागा घेतली, हाही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. माझा मोबाइलवरचा वेळ कमी झाला, त्याची खंत नाही. परंतु परतीच्या प्रवासात मी आईला रोज फोन करत असे, तो त्या महिन्यात आठवड्यातून एकदाच होऊ लागला होता. ते ध्यानात आल्यावर मी त्या तासातली पंधरा मिनिटे पुन्हा तिच्यासाठी ठेवली.

पुस्तक कोणत्या वाटेने हाती आले, याची नोंद थोडक्यात केली तरी पुरते. मुंबईत या वाटा पुष्कळ आहेत: १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी जुनी संस्था, घराजवळचे वाचनालय, हुतात्मा चौकातला पदपथावरचा विक्रेता, शेजारच्या टेबलावरचा सहकारी. माझ्या नऊपैकी मनापासून आवडलेली चारही पुस्तके वाचनालयाच्या कपाटासमोर उभे राहून, दोन-तीन पाने चाळून निवडलेली होती.

अर्धवट सोडलेली पुस्तके या हिशेबातून गाळू नयेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन अशी की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. सोडलेल्या पुस्तकासमोर कितव्या पानावर थांबलो आणि का थांबलो, एवढे लिहावे. माझी अशी दोन होती. त्यातले एक गाडीत नेण्याचीच चूक झाली होती, कारण त्यातल्या तळटीपा वाचायला टेबल आणि पेन्सिल लागते.

शेवटी पुढच्या महिन्याचा आकडा. तो नऊवरून ठरवू नये, उपलब्ध तासांवरून ठरवावा. ऑगस्टमध्ये सुट्ट्या अधिक होत्या आणि फोनची पंधरा मिनिटे वजा करायची होती, म्हणून मी गाडीसाठी चार आणि घरासाठी दोन पुस्तके लिहिली. घरच्या दोनांतले एक म्हणजे शेवट न आठवलेली ती कादंबरी. वाचनालयात परत केलेली ती प्रत मी पुन्हा मागून आणली आणि या वेळी पहिल्या पानापासून सुरुवात केली.