पहिल्या रिमांडलाच वकील उभा करा

घरातल्या कुणाला अटक झाली की सगळे ओळखीचा नगरसेवक नाहीतर साहेबांच्या जवळचा माणूस शोधायला धावतात. वकिलाचं ‘केस उभी राहिली की बघू’ असं म्हणून राहून जातं. तसं करू नका. माणूस पोलीस कोठडीत जाणार की नाही आणि गेला तर किती दिवस, हे पहिल्या पेशीतच, म्हणजे पहिल्या रिमांडच्या सुनावणीतच, ठरतं. ती पेशी अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, व्हावीच लागते. तुमच्या हाती वेळ तेवढाच.

सगळ्यात आधी पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक, कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि कोणत्या कोर्टात नेणार हे विचारून लिहून घ्या. काटोल, उमरेड, रामटेकलाही कोर्टं आहेत, म्हणून नागपूरच्या सिव्हिल लाईन्सला जायचं हे गृहीत धरू नका. रविवार असला तर सुटीच्या दिवशीचे दंडाधिकारी कोण, तेही विचारा. अटकेची कारणं लेखी मिळाली का, हे आवर्जून बघा. आरोपीला समजणाऱ्या भाषेत ती लेखी द्यावी लागतात, आणि अटकेच्या वेळी शक्य झालं नाही तर रिमांडच्या किमान दोन तास आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. कागद मिळालाच नसेल तर वकिलाने तो मुद्दा त्याच पेशीत मांडायला हवा.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून गप्प बसू नका. कोठडीतला माणूस मोफत वकिलाला पात्र असतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. तेवढंही जमलं नाही तर आरोपीने स्वतः दंडाधिकाऱ्यांना सांगावं, ‘मला वकील नाही, मला द्या.’ भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात (बिहारमध्ये पोलिसांनी आरोपींचे डोळे फोडले, त्या प्रकरणात) १९८० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की हा हक्क पहिल्यांदा हजर करण्यापासूनच आहे, आणि तो आरोपीला सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं काम आहे. म्हणून भेट झाली तर घरच्यांनी त्याला हे वाक्य पाठ करून द्यावं. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ जवळ बसवता येत नाही, हेही सांगा. कोऱ्या कागदावर सही नाही, हे तर सांगाच.

वकिलाच्या हाती काय द्यायचं? औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी. अंगावर मार असेल तर तो कुठे, कधी लागला, म्हणजे वकील वैद्यकीय तपासणीची मागणी नोंदवून घेईल. वय अठराच्या आसपास असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घरातून शोधून आणा, बाकी कागद नंतर! अठराच्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जायला हवं, आणि एका दाखल्यावरून सगळं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. जामीनदार मात्र आधीच ठरवून ठेवा: आधार, घरटॅक्सची पावती किंवा सातबारा, पगारपत्रक.

वकिलाने आत जाण्याआधी आरोपीशी पाच मिनिटं तरी बोलायला हवं. पोलीस जितके दिवस कोठडी मागतात ते नेमकं कशासाठी, हे वकिलाने विचारलं नाही तर बहुतेक वेळा दुसरं कुणी विचारत नाही.

न्यायालयीन कोठडी झाली आणि माणूस वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात गेला, तरी वकिलाशी संपर्क तोडू नका. पहिल्या रिमांडची तारीख वहीत लिहा. तिथून, गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे, ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो आरोपपत्र दाखल होण्याआधीच. त्या तारखेच्या आठवडाभर आधी वकिलाला फोन करून अर्ज तयार आहे का, ते विचारा.