इतिहासाची आणि चरित्राची पुस्तकं वाचताना या चुका टाळा

आपल्याकडे शिवकाळ आणि पेशवाईवरची पुस्तकं हौसेने वाचली जातात. वाचलेलं लक्षातही राहतं. पण कुणी ‘हे कशावरून?’ असं विचारलं की आपण अडतो, कारण तो प्रश्न वाचतानाच पुस्तकाला विचारायचा राहून गेलेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ऐतिहासिक कादंबरीला चरित्र समजणं. कादंबरी जरूर वाचावी. इतिहासाची गोडी लागली ती तिच्यामुळेच, असं सांगणारे कितीतरी जण भेटतात. पण बंद दालनात नवरा-बायको काय बोलले, मरताना कुणाच्या मनात काय आलं, हे लेखकाने रचलेलं असतं. पुस्तक हातात घेतलं की आधी प्रस्तावना आणि मागची पानं चाळा. तळटीपा, संदर्भसूची, मूळ पत्रांचे उतारे यांपैकी काहीच नसेल आणि संवाद मात्र पानोपानी असतील, तर त्यातला मजकूर वादात पुरावा म्हणून पुढे करू नका.

दुसरी चूक साधनांची, म्हणजे इतिहास ज्यावरून लिहितात त्या पत्रं, बखरी, पोवाड्यांची गल्लत करण्याची. तानाजी मालुसऱ्यांचंच घ्या. सिंहगडाची लढाई फेब्रुवारी १६७० मधली. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर, म्हणजे जुन्या गद्यातली हकीकत, लिहिली ती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला, म्हणजे घटनेला वीसहून जास्त वर्षं उलटल्यावर. तो मावळे माकडांसारखे कडा चढून गेल्याचं सांगतो. दोर लावलेली घोरपड येते ती शाहिराच्या पोवाड्यातून. तानाजींच्या बलिदानावरून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. पण १६६३ मधल्या पत्रातच सिंहगड हे नाव आढळतं. यामुळे तानाजींच्या पराक्रमाला तसूभरही उणेपणा येत नाही. उलट, घोरपडीशिवाय रात्रीच्या अंधारात तो कडा चढणारी माणसं मला जास्त थोर वाटतात. समकालीन पत्र, नंतरची बखर आणि पोवाडा यांचं वजन सारखं नसतं, एवढं वाचताना ध्यानात असू द्या.

तारखांचा घोळ तर हमखास होतो. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की एक लेखक चुकला असं आपण लगेच ठरवून टाकतो. अफझलखानाचा वध मराठी पुस्तकांत १० नोव्हेंबर १६५९ असा येतो. ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची तारीख. गोव्यातले पोर्तुगीज तेव्हा ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते कॅलेंडर वापरत होते, त्यांच्या हिशोबाने तो दिवस २० नोव्हेंबर. इंग्रजांचं नवं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या लुटीवरच्या त्यांच्या पत्रांत साल १६६३ पडतं. पंचांगातल्या शालिवाहन शकाचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा हिशोब शकवर्षाच्या शेवटी फसतो, कारण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन त्याआधीच, जानेवारीत. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येतं, पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. अशा वेळी ७९ मिळवायचे. लेखकाला दोष देण्याआधी हे ताडून पाहा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

पुस्तक अर्ध्यात सुटतं ते बहुधा नावांमुळे. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले. सवाई माधवराव हे त्यांच्या धाकट्या भावाचे, नारायणरावांचे चिरंजीव, जन्म १७७४. बाजीराव दोन. साताऱ्याचे शाहू वेगळे, कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे. पुस्तकात वंशावळ नसेल तर चिठ्ठीवर स्वतः मांडा आणि खूण म्हणून तीच पानांत ठेवा.

आणखी एक, चरित्र कुणी लिहून घेतलं तेही पाहावं. घराण्याने किंवा संस्थेने काढलेल्या गौरवग्रंथात कागदपत्रं उत्तम मिळतात, पण नायकाच्या चुका सहसा मिळत नाहीत. त्याच माणसाच्या विरोधकाचं चरित्र जोडीने वाचलं की गाळलेल्या जागा दिसू लागतात.

सुरुवात करायची असेल तर सभासदाची बखरच घ्या. ती लहान आहे. पहिली काही पानं भाषा अडखळवते, मोठ्याने वाचली की सुटत जाते. टिपांसह छापलेली प्रत मिळाली तर तीच निवडा.