कोकणातलं बंद घर आणि मुंबईत उडालेली झोप

गावचं घर बंद आणि आपण मुंबई-पुण्यात, मग पाऊस जोरात लागला की डोक्यात भुंगा सुरू. माझ्या मते कॅमेऱ्याच्या आधी माणूस बघा. शेजारच्या काकूंकडे चावी ठेवा, आठवड्यातून एकदा दार उघडून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकायला सांगा, आणि त्याचे पैसे द्या हो, फुकटात कोण किती दिवस करणार!

कॅमेरा घ्यायचाच तर ४जी सिमवाला सोलर घ्या, कारण पावसात लाईट गेली की वायफायवाला आंधळाच. त्याआधी पडवीत उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा, सिमचं रिचार्ज वर्षाचं मारा नाहीतर नेमकं गणपतीच्या तोंडावर बंद पडतं, आणि पॅनलवर माडाची सावली नको.

निघताना मेन स्विच बंद, टाकीचा वॉल्व्ह बंद, सिलेंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा. दागिने, कॅश तिथे अजिबात नको. मे संपायच्या आत कौलं चाळून घ्या, चोरापेक्षा माकडं आणि वाळवी जास्त नुकसान करतात खरं तर.

इन्शुरन्स असेल तर घर सलग बंद राहिलं तर चोरीचा क्लेम मिळतो का हे एजंटला लेखी विचारा.

आणि जमिनीचं विसरू नका, 'महाभूमी' या सरकारी वेबसाइटवर सातबारा फुकट दिसतो, तिथल्याच 'आपली चावडी'वर फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीत होणाऱ्या बदलांच्या, नोटिसा दिसतात, अधूनमधून नजर टाका. घरपट्टीची पावती आपल्याच नावाची आहे ना?