जुनी पेट्रोल पिकअप मिस मारतेय? अंधारात बॉनेट उघडून बघा

डिस्ट्रिब्युटरवाली (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग असलेली) जुनी पिकअप मिस मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटेना आणि इंजिन अडखळायला लागलं, की लोक आधी कार्ब्युरेटर खोलून बसतात, त्याआधी हे करून बघा, खर्च शून्य.

1. रात्री मोकळ्या जागेत गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, इंजिन आयडलला चालू ठेवा आणि सगळे लाईट बंद.
2. स्प्रे बाटलीने प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, धार नको.
3. जिथे निळसर ठिणगी उडताना दिसेल किंवा टकटक आवाज येऊन इंजिन अडखळेल तिथे करंट लीक होतोय, ती वायर किंवा कॅप बदला.

काहीच दिसलं नाही तर कॅप काढून आतून बघा, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असेल तर कॅप गेली, घासत बसू नका.

चढावर लोड आल्यावर खडखड येत असेल तर ती बहुतेक नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा आवाज), मिस नाही. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोनेक डिग्री मागे घ्या, आवाज कमी झाला तर टायमिंग पुढे असण्याची शक्यता आहे.

चालू इंजिनमध्ये वायरींना हात लावायचा नाही, झटका जबरदस्त बसतो, आणि बाही पंख्यापासून लांब.